जमिनीपासून हातभर वर

खुबा दुखायला लागतो तेव्हा तो खुब्यात दुखत नाही. जांघेत दुखतो, मांडीच्या पुढून खाली उतरतो आणि पुष्कळदा सरळ गुडघ्यात जाऊन बसतो. त्यामुळे वर्ष-दीड वर्ष माणूस गुडघ्याचीच मनधरणी करत राहतो: तेल, शेक, पट्टा, मेथीचे लाडू. खुब्याचं दुखणं ओळखायचं तर पायाची नखं बघावीत. ती वाढलेली असतात, कारण हात तिथवर पोचत नाही. असा माणूस रिक्षात आधी स्वतः बसतो आणि मग पाय दोन्ही हातांनी धरून, बाजाराची पिशवी आत घ्यावी तसा, आत घेतो. रात्री कूस बदलताना जागा होतो. सकाळची पहिली चार पावलं भिंतीला धरून टाकतो.

माझ्या बाबतीत दोष जन्माचा निघाला. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा ज्या वाटीत फिरतो, ती वाटी माझी उथळ. लहानपणी कुणाच्या लक्षात आलं नाही, तरुणपणी मंगळागौरीच्या फुगड्यांनी काही बिघडलं नाही. पण चालताना खुब्यावर येणारा भार वजनाच्या अडीच-तीन पट असतो, आणि तो सगळा उथळ वाटीच्या चिंचोळ्या काठावरच पडत राहिला की तिथली कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत अस्तर, पन्नाशी-साठीत संपते. कूर्चेला संवेदना नसते, म्हणून झिजताना काही कळत नाही. हाड हाडावर आलं की कळतं. पाश्चात्त्य देशांत खुबे बदलतात ते मुख्यतः वयोमानाच्या झिजेमुळे. आपल्याकडे म्हातारपणी झिजतो तो गुडघा. खुब्याची माणसं थोडी आणि कारणं निराळी: कुणाची उथळ वाटी, कुणी न्हाणीघरात घसरून पडलेली आजी, आणि ऐन तिशी-चाळिशीतले पुरुष, ज्यांच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो आतल्या आत मरतो. स्टेरॉइड आणि दारू ही त्याची दोन ठळक कारणं. काहींत कारण सापडतच नाही. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेल्यांत असे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले, तेव्हा या दुखण्याची ‘एव्हीएन’ ही तीन अक्षरं पेपरांतून घरोघरी पोचली.

आमच्या सांगलीकडे दुखणं जरा मोठं झालं की मिरज. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे मिशनचं हॉस्पिटल काढलं तेव्हापासून गावाचा हा लौकिक आहे, आणि पार अथणी-विजापूरकडची माणसं तिथे येतात. मी ज्यांच्याकडे गेले त्या सर्जननी एक्स-रे दिव्यावर लावला, बघितला, बाजूला ठेवला आणि विचारलं, “काकू, काय काय करायचं बंद केलंत?”

मी यादी सांगितली. मंडईत चालत जाणं, जिना, संध्याकाळी कृष्णेच्या घाटावरची फेरी, रात्रीची सलग झोप, विळीवर भाजी चिरणं, दारात रांगोळी काढणं.

ते म्हणाले, “पहिल्या चार मिळतील. शेवटच्या दोनांचं आत्ताच नक्की नाही सांगत.”

खुबा बदलायला निघालेल्या माणसाला सांगण्यासारखं मुख्य ते या दोन वाक्यांत आलं, असं मला अजूनही वाटतं. चालणं परत मिळतं. जमीन मिळेलच असं नाही. आणि आपल्याकडच्या माणसाला यातलं दुसरं वाक्य ऑपरेशनच्या आधी, स्पष्ट शब्दांत ऐकवायला हवं, कारण इंग्रजीतून आलेल्या सूचनापत्रकांत जमीन नावाची गोष्टच नसते. त्यांत ‘खालच्या खुर्चीवर बसू नका’ असतं. जमिनीवर कुणी बसत असेल हे लिहिणाऱ्याच्या मनातही आलेलं नसतं.

ते साहजिकही आहे. आज जगभर बसवतात त्या कृत्रिम खुब्याचा मूळ आराखडा इंग्लंडातल्या लँकेशायरचा, जॉन चार्नली या सर्जनचा. विगन गावाजवळचं राइटिंग्टन इथलं जुनं क्षयरोग्यांचं रुग्णालय हे त्यांचं ठिकाण. गोष्ट सुरू होते एका आवाजापासून. त्यांच्याकडे एक रुग्ण आला. त्याच्या खुब्यात त्या काळचा ॲक्रिलिकचा गोळा होता, आणि जरा हललं की तो असा करकरायचा की जेवताना बायकोला त्याच्याबरोबर टेबलाशी बसवत नसे. दुसऱ्या कुणी ही तक्रार हसण्यावारी नेली असती. चार्नलींनी धागा धरला: आवाज येतो म्हणजे घर्षण आहे, आणि घर्षण आहे तर गोळा हाडात सैल होणार. मग त्यांनी धातूचा गोळा मुद्दाम लहान केला, जेमतेम २२ मिलिमीटरचा. वाटी निसरड्या प्लास्टिकची घेतली. आणि दोन्ही हाडात पक्कं बसवायला दंतवैद्यांचं कवळीचं ॲक्रिलिक सिमेंट म्हणून वापरलं.

पहिलं प्लास्टिक होतं टेफ्लॉन. ते सुमारे ३०० जणांना बसवलं, आणि दोन-तीन वर्षांत वाट्या झिजून त्यांच्या भुकटीने आजूबाजूचं मांस सुजायला लागलं. ही भुकटी शरीरात काय करते ते बघायला चार्नलींनी ती स्वतःच्या मांडीत घालून घेतली. गाठी उठल्या. आपल्याच रुग्णांना पुन्हा टेबलावर घेऊन आपलंच काम उसवायची वेळ त्यांच्यावर आली. १९६२ मध्ये एक विक्रेता वेगळ्या प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला. चार्नलींनी त्यात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं आणि हे काही कामाचं नाही म्हणून विषय संपवला. ते परदेशी गेले असताना त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने तोच तुकडा झीज मोजायच्या यंत्राला लावला आणि यंत्र रात्रंदिवस चालू ठेवलं. टेफ्लॉन एका दिवसात झिजायचं तेवढंही हे तीन आठवड्यांत झिजलं नाही. त्याच नोव्हेंबरात ते पॉलिएथिलीन माणसाच्या खुब्यात गेलं, आणि सुधारत सुधारत आजही जातं. माझी वाटी त्याच घराण्यातली. साहेब नको म्हणून गेल्यावर यंत्र चालू ठेवणारा क्रेव्हन मला या सगळ्या इतिहासात जास्त जवळचा वाटतो.

तर चार्नलींची माणसं खुर्चीवर जगणारी होती. जेवण टेबलावर, शौच कमोडवर, प्रार्थना चर्चच्या बाकावर. खुबा नव्वद अंशांच्या फार पुढे वाकवायचं त्यांना रोजच्या रोज कारण पडत नव्हतं. उकिडवं बसलेल्या बाईचा खुबा त्याच्या कितीतरी पलीकडे जातो.

मंडाले म्हटलं की आपल्याला टिळक आणि तुरुंग एवढंच आठवतं. त्याच गावच्या जनरल हॉस्पिटलात पुढे सान बॉ नावाचे सर्जन होते. १९६० मध्ये त्यांनी ८३ वर्षांच्या एका बौद्ध भिक्षुणीच्या मोडलेल्या खुब्यात हस्तिदंताचा गोळा बसवला. ब्रह्मदेशात तेव्हा हस्तिदंत धातूपेक्षा स्वस्त पडायचं. पुढच्या वीसेक वर्षांत असे ३०० हून अधिक गोळे बसले. हस्तिदंताची भलामण आज कुणी करणार नाही, हत्ती तर नाहीच नाही. पण यश कशाला म्हणायचं हे ठरवताना या डॉक्टरांनी काय पाहिलं, ते वाचून मी चकित झाले. रुग्ण चालतो का, सायकल चालवतो का, फुटबॉल खेळतो का. आणि उकिडवा बसतो का. जमिनीवर जगणाऱ्यांचा डॉक्टर असल्याशिवाय हा शेवटचा प्रश्न कागदावर येत नाही.

ऑपरेशनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण ते आपण करत नसतो. कमरेत सुई टोचून खालचं अंग बधिर करतात, छातीशी हिरवा पडदा लावतात, हवं तर झोपेचं औषध देतात. मी अर्धवट जागी होते. दुखत काही नाही, पण आवाज येतात. आधी करवत, मग हातोडी, आणि हातोडीचा ठोका बधिर भागाच्या वर, बरगड्यांत कळतो. भूलतज्ज्ञ बाई कानाशी वाकून “झालंच हं काकू” म्हणत होत्या. हे ‘झालंच’ तास-दीड तास चालतं. हाड बरं निघालं म्हणून मला सिमेंट लावलं नाही. टायटॅनियमची खरबरीत दांडी हाडाच्या पोकळीत ठोकून बसवतात आणि पुढच्या आठवड्यांत हाडच तिच्यात वाढून तिला धरतं.

बाहेर बसलेल्या मुलाला काढलेला गोळा स्टीलच्या वाटीत घालून दाखवला. आपल्याकडे ही रीतच आहे, काम झाल्याची पावती. त्याने मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता, तो मी नंतर मोठा करून करून पाहिला. पिवळट, ओबडधोबड हाड, कडेला नव्याने फुटलेले कंगोरे, कापलेल्या बाजूला रक्ताळलेली जाळी. आणि माथ्यावर रुपयाएवढी एक जागा लख्ख, गुळगुळीत, ट्यूबलाइटचा उजेड परतवणारी. कूर्चा संपल्यावर हाडाने हाडाला घासून आणलेली ही झिलई डॉक्टरांच्या भाषेतही हस्तिदंताच्याच नावाने ओळखली जाते. मंडालेच्या भिक्षुणीला जे बाहेरून आणावं लागलं, ते माझ्या हाडाने घरच्या घरी तयार केलं होतं.

दुसऱ्याच दिवशी उभं करतात. ऐकून नातेवाईक दचकतात. वॉकरला धरून उभी राहिले तेव्हा जखम ओढत होती, मांडी जड झाली होती, पाय आपला वाटत नव्हता. पण जांघेतलं ते दुखणं नव्हतं. कमी झालं होतं असं नाही, नव्हतंच. किती वर्षं ते पार्श्वसंगीतासारखं चालू होतं हे ते थांबल्यावर समजलं.

हा आनंद खरा असतो म्हणून त्याच्या मागचे पंधरा दिवस कुणी सांगत नाही. मांडी काळीनिळी पडते आणि तो रंग हळूहळू गुडघ्याखाली उतरतो. घोटा संध्याकाळी सुजतो. दुखणं मारणाऱ्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, आणि त्या दिवसांत सर्जनपेक्षा इसबगोलावर श्रद्धा बसते. ऑपरेशनचा पाय लांब झाल्यासारखा वाटतो. पुष्कळदा ते स्नायूंचं आखडणं असतं आणि काही आठवड्यांत जातं, काहींच्यात थोडा फरक उरतो आणि चपलेत जाड तळवा घालावा लागतो. सगळ्यांत वाईट रात्र. उताणं झोपायचं, दोन पायांत उशी, कूस नाही. जन्मभर कुशीवर झोपलेल्या बाईला ही शिक्षा टाक्यांपेक्षा मोठी. गुठळी होऊ नये म्हणून पोटात रोज इंजेक्शन, आणि पडल्यापडल्या पावलं वरखाली हलवायची. एवढं मात्र नर्सने मुलाला पाठ करायला लावलं: पोटरी एकाएकी सुजली, धाप लागली, जखमेतून पाणी आलं, थंडी वाजून ताप आला, तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. इतकी हुशार ती जागा, पण हाडांच्या त्या दवाखान्यात बाथरूमला चांगला चार बोटं उंच उंबरा होता. तिथून वॉकर नेणं हा व्यायामात न लिहिलेला व्यायाम.

फिजिओथेरपीची मुलगी मला ‘काकू’ म्हणत दरडावायची. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. काठी ऑपरेशनच्या पायाकडे नाही, उलट्या हातात. हे बघून रस्त्यात चार जण थांबवून चूक दुरुस्त करतात, म्हणून कारण सांगते. एका पायावर भार आला की शरीर दुसऱ्या बाजूला कलायला बघतं; ते तोलून धरायला खुब्याच्या बाहेरचा स्नायू जोराने ओढतो, आणि सांध्यावरचा पुष्कळसा भार त्या ओढीचाच असतो. काठी जिकडे शरीर कलतं तिकडे टेकवली की स्नायूला तेवढं ओढावं लागत नाही. दुखऱ्या बाजूला धरलेली काठी फक्त शोभेला.

आमच्या शेजारच्या खोलीत जत तालुक्यातला एक तिशीतला मुलगा होता. एव्हीएन, दोन्ही बाजू. एक झाली होती, दुसरी व्हायची होती. घरी चार म्हशी आणि थोडी शेती. बायको भांगलणीला जाणारी, तो धारा काढणारा. कॉरिडॉरमध्ये दोन वॉकर समोरासमोर आले की आमच्या गप्पा व्हायच्या. शिकाऊ डॉक्टरने त्याला खुबा नव्वद अंशांपुढे वाकवायचा नाही हा नियम सांगितला होता.

“मावशी, मग म्हस काय खुर्चीवर बसून पिळू व्हय?”

त्याने हे राउंडला सर्जनना असंच्या असं विचारलं. आणि मला त्या सर्जनचं कौतुक वाटलं ते इथे: त्यांनी त्याच्या बायकोला घरचा धार काढतानाचा व्हिडिओ मागवायला सांगितला. पाय कुठे, गुडघे किती लांब, बादली कुठे, सगळं बघितलं. मागच्या बाजूने ऑपरेशन केलेला खुबा निसटायची भीती असते ती खोल वाकून, वर पाय आत वळला तर. पायावर पाय टाकणं म्हणूनच वाईट. मांडी घालताना किंवा धारेला बसताना गुडघे बाहेर फाकतात, तिथे धोका कमी. त्याला गोळा मोठ्या मापाचा बसवला होता, मोठा गोळा सहज निसटत नाही. पहिले तीन महिने म्हशीकडे जायचं नाही, नंतर बुटका स्टूल, गुडघे बाहेर, आणि उठताना खांबाला धरायचं, असं ठरलं. दुसरे सर्जन कदाचित नाहीच म्हणाले असते. यात एकमत नाही, काही जण मांडी घालायला देतात, काही जन्मभर मना करतात. म्हणून ज्याने-त्याने आपण दिवसभरात कसे कसे बसतो ते ऑपरेशनआधी डॉक्टरांना दाखवावं. सांगून समजत नाही.

घरी मुलाने कॉटच्या पायांखाली विटा दिल्या, कमोडवर उंच बैठक आली, सतरंज्या गुंडाळल्या. पायात सलवार घालायला उंच दोरीवर कपडे वाळत घालायची काठी उपयोगी पडली: टोकाला सलवारीची नाडी अडकवायची, खाली सोडायची, पाय सरकवायचा. भेटायला येणाऱ्यांनी डिंकाचे आणि आळिवाचे लाडू इतके आणले की वजन वाढू देऊ नका ही सूचना पहिल्याच आठवड्यात निकालात निघाली. सहा आठवड्यांनी काठीवर, मग काठी दाराशी. मंडई, जिना, घाट, झोप. चारही मिळाली.

उरलेली दोन. विळी माळ्यावर गेली. ओट्याशी उभं राहून सुरीने भाजी चिरता येते, ओट्याला चिकटणाऱ्या खवणीवर नारळही खवता येतो, पण काकडी चोचवावी ती विळीवर, आणि या बाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही. रांगोळीसाठी प्लायवूडचा तुकडा काळा रंगवून घेतला, डायनिंग टेबलावर ठेवून गेल्या दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी काढली. उत्तम आली. ती दारात नेईपर्यंत निम्मी जिन्यात सांडली.

याहून अवघड म्हणजे चारचौघांत खुर्ची. खुर्चीची बैठक जमिनीपासून हातभर वर असते, आणि त्या हातभरात बरंच काही बदलतं. जावेकडच्या सत्यनारायणाला सगळे सतरंजीवर, गुरुजी पाटावर, देव चौरंगावर, आणि मी देवाच्याही वर, मोकळ्या भिंतीशी, प्लास्टिकच्या खुर्चीत. नव्वदीच्या आत्तेसासूबाई खाली मस्त मांडी घालून बसलेल्या. त्यांच्या पाया पडायचं तर मला वाकता येत नाही, म्हणून मी वरूनच हात जोडले. त्या म्हणाल्या, “असू दे गं, तू बस वर,” आणि या ‘वर’ला आजूबाजूच्या बायका हसल्या. पंगतीत शेवटी एक टेबल मांडलेलं असतं, तिथे गुडघेवाले बसतात. मी त्यांच्यात. ते बहुसंख्य, एकमेकांना ओळखतात, पट्ट्यांची अदलाबदल करतात. खुबा म्हटल्यावर सहानुभूती मिळते, पण पुढे बोलायला विषय नसतो.

किती वर्षं टिकेल, हे सगळेच विचारतात. देशपातळीवरच्या नोंदींवरून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली आलेला हिशेब असा की शंभरातले सुमारे ५८ खुबे २५ वर्षं टिकतात. माझ्या वयाला हा हिशेब सोयीचा आहे, जतच्या त्या मुलाला नाही. त्याला पुन्हा एकदा तरी हे सगळं करावं लागेल, हे त्यालाही सांगितलेलं आहे. नवं ते चांगलं असंही या धंद्यात नसतं. धातूच्या वाटीत धातूचा गोळा ही टिकाऊ म्हणून गाजलेली जोडी होती. घासून तिचे कोबाल्ट-क्रोमियमचे कण रक्तात जायला लागले आणि त्यातला एक खपाऊ नमुना २०१० मध्ये कंपनीने जगभरातून मागे घेतला. भारतात हजारो जणांना तो बसलेला होता, आणि आपल्या अंगात नक्की काय आहे हे त्यातल्या पुष्कळांना माहीत नव्हतं. खुब्याच्या प्रत्येक भागाच्या पाकिटावर एक स्टिकर असतं, त्यावर कंपनी, माप, बॅच. ते फाइलमध्ये चिकटवून मिळतं का बघावं, आणि फाइल रद्दीत जाऊ देऊ नये.

चार्नली आपल्या रुग्णांना विनंती करत, की तुम्ही गेल्यावर सांधा परत मिळू द्या, किती झिजला ते मला मोजायचं आहे. आणि माणसांनी दिले. आपल्याकडे ती सोय चितेनेच केलेली आहे. प्लास्टिकची वाटी जळते, पण टायटॅनियम लाकडाच्या आगीत वितळत नाही. राख सावडताना दांडी अख्खी हाती लागते आणि पुढे तिचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. मी मुलाला सांगून ठेवलं आहे, नदीत टाकू नका, डॉक्टरांना नेऊन द्या, त्यांना नको असेल तर भंगारवाल्याला. तो स्कूटरची किल्ली शोधत होता. म्हणाला, “तू आधी त्या अठ्ठावन्नांत बसून दाखव, मग बघू.”